कांबळ्यांचा नववा खांब

आमच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आत धातूचा नवा सांधा बसवला, तेव्हा बघायला येणाऱ्यांनी सफरचंदं आणली, शहाळी आणली. एका दूरच्या मामांनी तर त्यांच्या शेजारणीचं असलंच ऑपरेशन कसं फसलं, याची सविस्तर हकीकत आणली. समोरच्या फ्लॅटमधले कांबळे मात्र हात हलवत आले. खुर्ची पलंगाजवळ ओढली, शर्टाच्या खिशातून एक जुनं जाडजूड नाणं काढलं आणि चादरीवरूनच आईच्या गुडघ्यावर टक् टक् टक् वाजवलं. कान खाली नेऊन ऐकलं. मग समाधानाने मान हलवून म्हणाले, "बॉन्ड चांगलाय मावशी. घट्ट धरलंय, पोकळ वाजत नाही. बिनधास्त चाला."

ते गेल्यावर आईने मला विचारलं, "रे, ह्यो डाक्टर आसा काय?"

"नाही गं."

"मगे माझो गुडघो कित्याक वाजयता?"

याचं उत्तर देणं सोपं नव्हतं. भांडुपच्या आमच्या सोसायटीचा मी अकरा वर्षं सेक्रेटरी आहे. सेक्रेटरी म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायला ठेवलेला माणूस. त्यामुळे कांबळे काय काय वाजवतात, याची माझ्याइतकी माहिती कुणालाच नसेल. ते पाण्याच्या टाकीचे पाय वाजवतात, जिन्याचा कठडा वाजवतात, लिफ्टचा दरवाजा वाजवतात. एकदा एका लग्नात नवरा-नवरीला आशीर्वाद द्यायला स्टेजवर गेले आणि दिसेनासे झाले. ते स्टेजखाली होते, पाइप वाजवत. "वरून झकास, आतून वाट," असं त्यांनी मला खालूनच कळवलं. मी त्या दिवशी जिलेबी उभ्यानेच आणि दाराजवळ खाल्ली.

अशोक कांबळे मूळचे जतकडचे. पावसाने कायमची पाठ फिरवलेला मुलूख. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो विशीत, आणि पुढची सगळी नोकरी त्याच समुद्रात कमरेपर्यंत उभं राहून केली. पोहता मात्र आजही येत नाही. बोटींच्या धक्क्यांचे जे पोलादी खांब असतात, ते खाऱ्या पाण्याने कुरतडले जातात. अशा खांबांना घासूनपुसून, वर डिंकासारखं रेझिन लावून, त्यावर काचेच्या आणि कार्बनच्या धाग्यांचं कापड घट्ट गुंडाळायचं, की ते वाळून दगडासारखं होतं आणि खांबाला पुन्हा बळ येतं. हे काम करणाऱ्या एका कंपनीत कांबळे फोरमन होते. हाड मोडलं की आपण प्लास्टर घालतो, तसंच काहीसं. फक्त हे प्लास्टर काढायचं नसतं.

दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि समुद्राच्या वाट्याचे कांबळे आमच्या वाट्याला आले.

त्यांच्या दृष्टीने जगात लोखंडाच्या दोनच जाती. एक, कपडे घातलेलं. दुसरं, नागडं. सोसायटीच्या वार्षिक सभेत, शांतपणे हिशेबाचं वाचन चालू असताना ते उठून उभे राहिले आणि कळवळून मला म्हणाले, "परबसाहेब, आपला जिना नागडा आहे हो!" पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. मी इतिवृत्तात 'जिन्याच्या रंगकामाविषयी चर्चा झाली' असं लिहिलं.

शेवटी त्यांचं मन राखायला म्हणून आम्ही त्यांना गेटचा एक खांब दिला. खांब जेमतेम माणसाएवढा. कांबळ्यांनी त्यावर तीन दिवस घेतले. पहिले दोन दिवस नुसतं घासणं. "सगळी गंमत घासण्यात आहे. गुंडाळायला काय, कुणीही गुंडाळेल." खांब आरशासारखा लखलखला. तेवढ्यात वॉचमन तिवारीने, किती गुळगुळीत झालाय बघू म्हणून, त्याला एक बोट लावलं. झालं. "बोटाचा घाम लागला!" कांबळे असे ओरडले की दुसऱ्या मजल्यावरून लोक बाहेर आले. आणि त्यांनी तो अख्खा खांब पुन्हा पहिल्यापासून घासायला घेतला. तिवारी त्यानंतर आठवडाभर हात खिशात घालून गेट उघडत होता. कसं, ते विचारू नका.

रेझिन एकदा कालवलं की चाळीस मिनिटं कांबळे कुणाचे नसतात. तेवढ्या वेळात ते संपवावं लागतं, नाहीतर डब्यातच घट्ट होतं. त्या चाळीस मिनिटांत त्यांच्याशी आमचे चेअरमन बोलायला गेले, तर त्यांनी मान वर न करता, "डबा कालवलाय," एवढंच सांगितलं. चेअरमनना तो अपमान वाटला. मला विचाराल तर अकरा वर्षांत त्यांना इतक्या थोडक्यात कुणीच गप्प केलं नव्हतं.

गेटच्या खांबावर कांबळ्यांनी आधी पांढरं काचेचं कापड लावलं, मग त्यावर काळं कार्बनचं. मी सहज म्हटलं, "काळंच जास्त दणकट आहे ना? मग तेच लावा की दोनदा." कांबळ्यांचा चेहरा एकदम उतरला. इतका, की मला वाटलं माझ्या तोंडून काही वावगं गेलं.

"कार्बन आणि लोखंड यांचं पटत नाही साहेब," ते हळूच म्हणाले. "खाऱ्या पाण्यात दोघं एकमेकांना चिकटली, की कार्बन मजेत राहतो आणि लोखंड आतल्या आत झिजतं. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून मध्ये काच लागतेच. कितीही घाई असली तरी."

काही संसार असेच चालतात, असा एक विनोद माझ्या ओठांवर आला होता. पण त्यांचा चेहरा बघून मी तो गिळला.

आता मुख्य गोष्ट. कांबळे अमावास्येला आणि पौर्णिमेला गायब होत.

हे प्रथम लक्षात आलं आमच्या आईच्या. गुडघ्यामुळे ती दिवसभर खिडकीत बसायची आणि खिडकीतून काही सुटायचं नाही. "अवसेक खय जाता रे ह्यो? पिशयेत टॉवेल आसता," ती म्हणाली. नुसता टॉवेल नव्हे, हाफ पँटही असते, ही भर तळमजल्यावरच्या नेनेबाईंनी घातली. मग काय, सोसायटीला विषय मिळाला. एक पक्ष म्हणे, करणी-बिरणीचा प्रकार आहे. दुसरा पक्ष जास्त अनुभवी होता. तो म्हणे, बाई आहे. आता कांबळे पक्के आंबेडकरी विचारांचे. कुणी लिंबू-मिरची टांगली तर काढून त्याचं लोणचं घाला म्हणणारे. त्यामुळे पहिला पक्ष लवकरच बाद झाला.

दुसऱ्या पक्षाचं म्हणणं उज्ज्वलावहिनींच्याही कानावर गेलं असावं. कांबळ्यांच्या या पत्नी महापालिकेच्या शाळेत शिकवतात आणि घरातही शाळेसारखंच बोलतात. एके दिवशी त्या सरळ माझ्याकडे आल्या.

"भाऊ, पौर्णिमेला आमच्या विहारात वंदना असते. सगळ्यांचे नवरे येतात. माझी शेजारची जागा कायम रिकामी. लोक विचारतात, मी सांगते कामावर गेलेत. आता निवृत्त झाल्यावर कसलं काम सांगू? विचारलं की म्हणतात, आहे एक काम. तुम्ही एकदा बघून या."

"वहिनी, मी कसा..."

"सेक्रेटरी आहात ना? मग. बाई असेल तर असू दे. मला नुसतं कळू दे."

असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण 'असू दे' म्हणताना त्यांचा आवाज जरासा चिरकला. तेव्हा मी हो म्हणून टाकलं.

पाठलाग करणं माझ्या पोटाच्या घेराला शोभलं नसतं. पुढच्या पौर्णिमेला दुपारी कांबळे पिशवी घेऊन निघाले, तसं मी जिन्यातच विचारलं, "मी येऊ का?" ते दचकले. माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "बूट काढा. चप्पल घाला. चिखल आहे."

रिक्षा बदलत आम्ही खारदांड्याला पोचलो. कोळीवाड्याच्या मागे, मासळी उतरवायचा एक लहानसा धक्का. वाटेत त्यांनी मला समजावलं, की पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला पाणी सगळ्यात जास्त मागे हटतं, खांबांचे एरवी बुडालेले पाय तेवढेच दिसतात. माझे आजोबा मालवणला जन्मभर मासे मारत होते आणि ही भरती-ओहोटी मला शिकवत होता जतचा माणूस. मला स्वतःचीच लाज वाटली, पण फार नाही.

धक्क्यावर वाळत घातलेले बोंबील उलटवत एक म्हातारी कोळीण बसली होती. कांबळ्यांना बघून तिने आत हाक दिली, "आला गो ठोकवाला! चाय ठेव." मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "ह्यो कोन? ह्यो पन ठोकतो?"

ती चांगुणामावशी. त्या धक्क्यावर बायकांचा सगळा कारभार तिच्या हाती. कुठली टोपली कुठे उतरायची, बर्फाची हातगाडी कुठे लावायची, सगळं तीच ठरवते. आणि वहिनींना सांगण्यासारखी तिथे बाई म्हणाल तर तीच, वय पंचाहत्तर.

कांबळे हाफ पँट घालून चिखलात उतरले. खांब नऊ. प्रत्येकाला चिकटलेली कालवं पत्र्याने खरवडायची, हाताने पुसायचं, नाणं वाजवायचं, ऐकायचं, पुढे. आठ खांब त्यांनी पाऊण तासात उरकले. कोपऱ्यातल्या नवव्याशी मात्र ते उभेच राहिले. मावळतीकडे उन्हं चालली होती. मी धक्क्याच्या काठावरून विचारलं, "काय हो, काय झालं?" मग मी चपला काढल्या आणि माझ्या आयुष्यात प्रथमच, सोसायटीच्या कामाव्यतिरिक्त, चिखलात उतरलो.

काळ्या गुंडाळीच्या खालच्या कडेतून एक तांबूस ओघळ आला होता. बोटभर. कांबळ्यांनी त्याच्या वर नाणं वाजवलं. माझ्यासारख्या अडाण्यालाही कळलं. बाकीचे आठ ठणठणीत बोलत होते, हा पुटपुटत होता.

"सुरू झालं," कांबळे म्हणाले. आणि तो बावन्न इंची छातीचा माणूस त्या चिखलात मटकन बसला.

"या खांबात काच नाही साहेब. मी घातली नाही."

मग त्यांनी सांगितलं. एकवीस वर्षांपूर्वीचा दिवस. आठ खांब झाले होते, नववा घासून तयार होता. पाणी चढायला लागलं होतं. तेवढ्यात निरोप आला, की वहिनींना हॉस्पिटलात नेलंय. सातवाच महिना होता. काही खरं नाही, लगेच या. खांब तसाच सोडला तर भरतीने रात्रीतून गंजला असता, पुन्हा सगळं पहिल्यापासून. नीट करायचा तर आधी काच, मग ती जरा धरेपर्यंत थांबणं, मग कार्बन. तेवढा वेळ नव्हता. त्यांनी काचेचं कापड बाजूला फेकलं, कार्बन थेट लोखंडावर गुंडाळला आणि धावत सुटले.

"कुणालाच कळलं नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी पाठ थोपटली. वरून झकास ना! मला मात्र ठाऊक होतं. म्हणून येतो. दर खेपेला वाटायचं, आज वाजेल पोकळ. आज वाजला."

खरं सांगतो, त्या वेळी मी जे बोललो ते मला आज आठवलं तरी बरं वाटत नाही. मी अस्सल सेक्रेटरीसारखं बोललो. म्हटलं, "कांबळे, एकवीस वर्षं झाली. तुम्ही निवृत्तही झालात. हे तुम्हाला ठाऊक आणि आता मला. गंजला तर समुद्राने गंजला म्हणतील. तुम्ही कशाला तोंड उघडता? इतक्या वर्षांचं नाव आहे तुमचं."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. घासून लखलखीत केलेल्या खांबाला मी घामाचं बोट लावल्यासारखे.

"पहाटे या कोपऱ्यावर बायका टोपल्या घेऊन उभ्या असतात, साहेब," ते म्हणाले आणि उठले.

चांगुणामावशीसमोर ते हाफ पँटमध्ये, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले, हात जोडून उभे राहिले. काच, कार्बन, निरोप, भरती, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. स्वतःची बाजू घ्यायला एक शब्द वापरला नाही. कोपऱ्यावर बर्फाची गाडी आणू नका, गर्दी करू नका, खांब आज पडणार नाही पण त्याच्यावर आता भरवसा ठेवू नका, मी माझ्या हाताने तो उघडून पुन्हा करून देतो, तुमच्या लोकांना हवं तर दुसरा कुणी आणून तपासून घ्या. आणि शेवटी, "चुकलं माझं, मावशी."

मी खाली मान घालून उभा होतो. कोळणीच्या तोंडाला सगळी मुंबई घाबरते. आता काय काय ऐकावं लागेल याची मी मनाशी तयारी करत होतो. मावशीने हातातला बोंबील खाली ठेवला. आत बघून ओरडली, "अगो, कोपऱ्याला दोरी बांध! तिकडं कुनी जायाचं नाय उद्यापासून!" मग कांबळ्यांकडे वळली. आणि विचारलं, "मंग पोर? जगलं ना रं?"

कांबळ्यांना याची अपेक्षा नव्हती. ते शिव्यांना तयार होऊन आले होते. "जगली," ते म्हणाले. पंचाहत्तर वर्षांच्या त्या बाईसमोर कांबळे लहान मुलासारखे रडले. थोड्या वेळाने नाक पुसत म्हणाले, "जगली मावशी. मैत्री नाव. पुण्याला शिकते. एवढी बोलते, एवढी बोलते..."

"मंग झालं तर," मावशी म्हणाली. "चाय घे. निवली."

परतताना रिक्षात ते मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. "उज्ज्वलाला नका सांगू. तिला वाटेल, तिच्यामुळे झालं. म्हणून तर इतकी वर्षं बोललो नाही." मला त्यांचं पटत होतं आणि पटतही नव्हतं. दोन्हीकडून मीच अडकलो होतो. एकीकडे 'नका सांगू', दुसरीकडे 'मला नुसतं कळू दे'.

वहिनी दारातच उभ्या होत्या. विहारातून नुकत्याच आल्या असाव्यात, अंगावर पांढरी साडी होती. त्यांनी नवऱ्याच्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या. "कोण आहे तिथे?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "खांब आहे वहिनी."

त्यांनी 'थट्टा करता का' अशा नजरेने पाहिलं. मी कांबळ्यांकडे पाहिलं. आणि मग बहुधा एकदा बोलून झाल्यामुळे असेल, कांबळ्यांनी स्वतःच सांगून टाकलं. दारात उभ्या-उभ्या, मघाशी सांगितलं होतं त्याच क्रमाने. फक्त शेवटी, "तू मनाला लावून घेऊ नकोस," एवढं जास्तीचं. वहिनींनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शाळेत शिकवणारी बाई इतका वेळ गप्प राहिलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"आलात तेव्हा तुमचे हात काळे होते," वहिनी म्हणाल्या.

"धुवायला थांबलोच नव्हतो."

"नर्स ओरडत होती, त्यांना बाहेर काढा, घाण आहे हाताला. मीच सोडला नाही तुमचा हात. मला वाटत होतं, सोडला तर पोरगी जाईल आणि मीही जाईन." त्यांनी आपला उजवा तळवा उघडून बघितला, जणू अजून काही दिसेल. "तुमचं ते काळं माझ्या हाताला चिकटून वाळलं. आई रॉकेल घेऊन आली काढायला. मी काढू दिलं नाही तिला. नखांतलं तर किती दिवस तसंच होतं."

कांबळ्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले, खांबाचा गंज लागलेले, आणि वहिनींनी पांढऱ्या साडीचा विचार न करता ते धरले. मी माझ्या घरात गेलो आणि दार हळूच लावून घेतलं.